बसायच्या जागचं दुखणं

३ जानेवारी, बुधवार. सकाळी ७.१०
औषध कंपनीच्या एमआरनं नवी डायरी दिली. कव्हरवर हात-पाय फुटलेलं एक हसरं हृदय आहे. आजपासून रोज लिहायचं. डायरी दुकानातच, फ्रीजच्या मागे राहील, त्यामुळे घरात कोणी वाचायचा प्रश्न नाही.

विषय एकच. माझं दुखणं. पाच महिने झाले. लघवीच्या जागेच्या मागे आणि संडासच्या जागेच्या पुढे, म्हणजे माणूस नेमका ज्यावर बसतो तिथे, कोणीतरी गोटी ठेवून दिल्यासारखं वाटतं. बसलं की दुखतं. लघवीनंतर जळजळ. बायकोजवळ गेलो की पुढचे दोन दिवस वाया. म्हणून जात नाही. नलूला सांगितलंय, कंबर धरली.

निदान मी स्वतःच केलं आहे. प्रोस्टेटला सूज. आत इन्फेक्शन. मी डी. फार्म. आहे, सोळा वर्षं अल्लीपुरात मेडिकल चालवतो. अर्धं गाव मला डॉक्टर म्हणतं. उरलेलं अर्धं गजूभाऊ म्हणतं, पण गोळी माझ्याच हातची घेतं.

कोर्स ठरवला. ॲन्टिबायोटिक, सकाळ-संध्याकाळ, एकवीस दिवस. २६ जानेवारीला विषय संपलेला असेल.

४ जानेवारी
दोन गोळ्यांत फरक. निदान बरोबर होतं.

५ जानेवारी
फरक कालचा होता. आज नाही. औषध आत काम करत असलं की असं होतं.

९ जानेवारी. दुपारी
साधारण तीस टक्के आराम. काउंटरमागे उभं राहून काम करतो. गिऱ्हाइकांना वाटतं गजूभाऊ चपळ झाले.

दुपारी प्रेमदासकाका आले. पोस्टमन म्हणून रिटायर झालेले, वय सहासष्ट, बोलणं हळू. दुकान रिकामं व्हायची वाट पाहत बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसले. मग जवळ येऊन म्हणाले, "गजूभाऊ, एक लाजेची गोष्ट आहे." लघवी लवकर सुटत नाही. धार बारीक. झाली तरी उरल्यासारखी वाटते. झोपेतून चार-चारदा उठावं लागतं. घरी कोणाला सांगितलं नाही. बायको वारली, मुलगी मोनाली नागपूरला नर्स आहे, आणि मुलीला असलं कसं सांगणार.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. पाच महिन्यांत पहिला माणूस भेटला. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, काका, मलाही तेच आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझीच स्ट्रिप त्यांना दिली. सारखा आजार, सारखं औषध. एकाच वेळी दोन केसेस. कोणी डॉक्टर इतक्या बारकाईनं लक्ष देणार नाही.

१५ जानेवारी
संक्रांत. घरी हळदीकुंकू, वीसेक बायका. मी तेवढा वेळ संडासात बसून होतो. तिथे बसलं की दुखत नाही, हा नवा शोध. पण शेजारच्या आनंदाबाईंनी दोनदा कडी वाजवली.

आराम साठ टक्के. हा आकडा मी काल रात्री मनाशी ठरवला होता. आज तसं काही वाटलं नाही, पण सरासरी धरायची असते.

२६ जानेवारी
शाळेत झेंडावंदन. उभं असेपर्यंत ठीक. मग पालकांना प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिल्या. माझ्या पोरीचं, आचलचं भाषण सातव्या नंबरला होतं. तिसऱ्या भाषणाला गोटी पेटली. चौथ्याला मी उठलो. नलूला खुणेनं दुकानाकडे बोट दाखवलं, म्हणजे अर्जंट.

घरी येऊन आचल सरळ आपल्या खोलीत गेली. नलू म्हणाली, "पोरगी स्टेजवरून तुम्हाले शोधून राह्यली होती. थांबली मधातच. लोकायले वाटलं विसरली."

कोर्स संपला. विषय संपला नाही. गोळीची ताकद कमी पडली असणार. नवी मुदत होळी.

२ फेब्रुवारी
दुसरा कोर्स, वरच्या पायरीचं ॲन्टिबायोटिक. प्रेमदासकाकांनाही बदलून दिलं. ते म्हणाले, "पहिले चार दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तसंच झालं." मी म्हटलं, अगदी माझ्यासारखंच! या आजाराचा तो स्वभावच आहे. काका म्हणाले, तुम्ही आहात म्हणून धीर आहे.

ते गेल्यावर बराच वेळ छान वाटलं. आपण नुसते डबे विकत नाही, माणसं बरी करतो.

११ फेब्रुवारी
डावी टाच दुखते. चप्पल बदलायची.

१३ फेब्रुवारी
चप्पल बदलली. आता दोन्ही टाचा.

१९ फेब्रुवारी
नलूनं आज सरळ विचारलं. आचल ट्यूशनला गेली होती. भांडी घासता घासता, माझ्याकडे न पाहता. "सहा महिने झाले. मी जवळ आली की तुम्ही पाणी प्याले उठता. कोणी आहे का दुसरी? असन तर सांगून द्या. मी तमाशा नाई करत."

मी हसलो. हसायला नको होतं. म्हटलं, कामाचा ताण आहे, कंबर आहे. ती म्हणाली, "कंबर दुखणारा माणूस गोण्या उचलते का? काल दोन उचलल्या तुम्ही." मग म्हणाली, "माह्यात काही कमी असन तर तेही सांगा." मी त्याला उत्तर दिलं नाही.

दिलं असतं तर काय सांगणार होतो? की माझ्यातच काही कमी आहे? की लग्नाआधी नागपूरच्या होस्टेलवर हातानं जे करायचो त्याची ही फेड आहे? हे मी चाळिसाव्या वर्षी, दुकानात स्टेथोस्कोप विकणारा माणूस, मनापासून मानतो. इथे लिहून ठेवतो, म्हणजे मनातून जाईल.

गेलं नाही.

२१ फेब्रुवारी
नलू आचलच्या खोलीत झोपायला गेली. कारण सांगितलं, पोरीची दहावी जवळ आली. पोरगी आठवीत आहे. असो. पलंग मोकळा, मला पाय पसरून झोपता येतं. एका अर्थी सोयच झाली.

२७ फेब्रुवारी
वर्ध्याला गेलो. घरी सांगितलं, होलसेलरकडे. खरं म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञाकडे. शंका म्हणून नाही, फक्त माझ्या निदानावर शिक्का पाहिजे होता. बसमध्ये दांडीला धरून उभा गेलो. सीट रिकामी होती. कंडक्टरनं दोनदा सांगितलं, बसा. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

डॉक्टर पोरगेलासा. सगळं नीट विचारलं. नको तिथेही तपासलं, त्यावर लिहीत नाही. लघवीची कल्चर, सोनोग्राफी, रक्त, सगळं सांगितलं. चार दिवसांनी या.

२ मार्च
रिपोर्ट सगळे नॉर्मल. मला राग आला.

डॉक्टर म्हणाले, "जंतू नाहीत. कॅन्सरचं लक्षण नाही. लागण नाही."
मी म्हटलं, मग काय मी सात महिने खोटं दुखणं घेऊन फिरतो?
ते म्हणाले, "दुखणं शंभर टक्के खरं आहे. फक्त त्याचं कारण जंतू नाहीत." टेबलावर मूठ ठेवली. "ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवी, संडास, सगळं ती आवरून धरते. कधी एखादं जुनं इन्फेक्शन, कधी ताण, कधी तासन्‌तास बसणं, काही निमित्त होतं आणि ती झोळी अशी आवळली जाते." मूठ घट्ट केली. "मग सोडायची कशी तेच विसरते. आजूबाजूच्या नसा चिडतात. माणूस घाबरतो, घाबरला की आणखी आवळतो. तुमच्या वयाच्या पुष्कळ पुरुषांना हे असतं. सांगत कोणी नाही."

मी धीर करून होस्टेलचं विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्याचा याच्याशी काही संबंध नाही. ते डोक्यातून काढून टाका." वीस वर्षं जे डोक्यात होतं ते काढायला त्यांना पाच सेकंद लागले, म्हणून मला ते पटलं नाही.

मग विचारलं, आतापर्यंत काय घेतलं? मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ॲन्टिबायोटिक आजच्या आज बंद. टाचा दुखतात का?" मी म्हटलं नाही. "दुखल्या तर चालणं कमी करा आणि लगेच या. या गोळ्यांनी टाचेचा दोर तुटू शकतो."

उपाय असा. गरम पाण्याच्या टबात बसणं, पोटातून श्वास, एक गोळी स्नायू सैल करायला, आणि फिजिओथेरपी, तीन-चार महिने. "घरी बायकोला सांगा. सांगितल्यावर निम्म्या लोकांची मूठ तिथेच थोडी सैल होते."

उठता उठता मी सहज विचारलं, साठीच्या पुढच्या माणसाला असं झालं तर? ते म्हणाले, "तो वेगळा आजार. त्या वयात बहुतेकदा ग्रंथी वाढून वाट अडवते. त्याला तपासल्याशिवाय काही देऊ नये. कोणी आहे का तुमच्या ओळखीचं?"

माझी बस चारला होती. मी म्हटलं, नाही, सहज विचारलं.

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर नंबर लावला. आत बाई होती. तिनं माझं नाव पुकारलं आणि विचारलं, "काय त्रास आहे, काका?" मी म्हटलं, कंबर. आणि निघून आलो.

३ मार्च
विचार केला. डॉक्टर नवशिका आहे. झोळी म्हणे. रिपोर्ट नॉर्मल येणं हे इन्फेक्शन खोल असल्याचंही लक्षण असू शकतं. तिसरा कोर्स, दोन औषधं एकत्र. शॉक ट्रीटमेंट.

प्रेमदासकाकांना तपासून घ्या म्हणायचं होतं. दुकानात गर्दी होती.

८ मार्च
काका आले. चेहरा सुजल्यासारखा. उन्हाचा असेल. "गजूभाऊ, आता तर थेंब-थेंब येते." मी म्हटलं, कोर्स पूर्ण करा. वर्ध्याच्या डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर लिहूनही ठेवलं होतं. खिशात होती. मग त्यांनी विचारायचं, तुम्ही तिथे कशाला गेला होता? आणि मी सांगायचं, तिथे मला म्हणाले की माझं निदान चुकलं.

चिठ्ठी खिशातच राहिली.

१३ मार्च
काकांना पडसं, नाक बंद, खोकला. सर्दीची गोळी दिली, नाक मोकळं करणारी, तीन दिवसांची. जाताना म्हणाले, "तुम्ही नसते तर मी कोणापाशी बोललो असतो, भाऊ?"

१६ मार्च
काका आले नाहीत.

१७ मार्च. सकाळी ११
त्यांच्या शेजारचा कवडू मीठ-साखरेच्या पुड्या घ्यायला आला होता. त्यानंच सांगितलं. "प्रेमदासकाकाले वर्ध्याले नेलं ना परवा. दीड दिवस लघवीच नाई झाली. पोट असं ढोलकासारखं. बोंबलून राह्यले होते बिचारे. मोठ्या दवाखान्यात भरती हायेत. किडनीवर गेलं म्हणते."

मी कवडूला पुड्या दिल्या. तो गेल्यावर सर्दीच्या गोळ्यांचा डबा मागच्या रॅकवर ठेवला. का ठेवला माहीत नाही.

वय झालं की किडनीचं होतंच.

२० मार्च
दोनदा डायलिसिस झालं, असं समजलं. भेटायला जाणार होतो. वर्ध्याची बस. बसणं. उभं राहिलं तर टाचा. पुढच्या आठवड्यात.

२३ मार्च. दुपारी दीड
मोनाली आली. पंजाबी ड्रेस, डोळे सुजलेले. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती बाजूला उभी राहिली. गिऱ्हाइकं गेल्यावर तिनं पर्समधून रिकाम्या स्ट्रिपा काढून काउंटरवर मांडल्या. नऊ. प्रत्येकीवर माझ्या अक्षरात सकाळ-संध्याकाळच्या रेघा.

"काका, ह्या बाबाले तुम्ही दिल्या?"
मी म्हटलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिल्या असतील.
"कोणता डॉक्टर?"
मी म्हटलं, पाहावं लागेल.
"पाहा. मी थांबते."
मी फाइल काढली. पानं उलटत राहिलो. तिला माहीत होतं तिथे काही नाही. मला माहीत होतं की तिला माहीत आहे. तरी मी शेवटच्या पानापर्यंत गेलो.

मग तिनं दहावी स्ट्रिप ठेवली. सर्दीची.
"बाबाची प्रोस्टेट वाढली होती. जानेवारीत दाखवलं असतं तर रोजच्या एका गोळीवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. बाबा तुमच्या भरवशावर राह्यले. आणि ज्या माणसाची लघवी आधीच अडकून राह्यली त्याले तुम्ही ही गोळी दिली. हिच्यानं ती पूर्ण बंद होते. काऊन दिली?"

मी म्हटलं, त्यांचं नाक बंद होतं.

तिनं स्ट्रिपा एकेक उचलून पर्समध्ये ठेवल्या. जाताना म्हणाली, तक्रार करणार होते, बाबा करू देत नाहीत.

म्हणजे काकांच्या मनात काही नाही. ही गोष्ट महत्त्वाची.

२५ मार्च
धुळवड. दुकान बंद. होळीची मुदत होती. पायऱ्या उतरताना भिंत धरावी लागते. गोळ्या बंद केल्या. कोणाच्या सांगण्यावरून नाही.

२ एप्रिल
ठरवलं. काकांना स्वतः सांगायचं. सगळं. तुमचा आजार वेगळा होता, मला दोन मार्चलाच कळलं होतं, मी बोललो नाही. १४ एप्रिलला ते घरी असतील. बाबासाहेबांच्या जयंतीला ते दवाखान्यात राहणार नाहीत, हे कवडूही म्हणाला. त्या दिवशी जायचं. मनाची तयारी पूर्ण आहे.

वाक्यंही लिहून काढली. तीन वाक्यं. पाठ आहेत.

१४ एप्रिल, रविवार
लिहितो.

नलू म्हणाली, मीही येते, माणूस मरता मरता वाचला. नाही म्हणता आलं नाही. ती मोटारसायकलवर मागे बसली, मधे जागा सोडून. मी पूर्ण रस्ता फूटरेस्टवर उभा राहून चालवली.

काकांच्या गल्लीत निळ्या पताका, पोरांची रॅलीची तयारी. काका अंगणात खाटेवर. पांढरा सदरा, नवीन. अर्धे झालेत. सदऱ्याखालून नळी निघून खाटेच्या पायाशी पिशवीत गेलेली. मोनालीनं खुर्च्या दिल्या. मी उभाच राहिलो.

काकांनी माझा हात हातात घेतला. नलूकडे पाहून म्हणाले, "वहिनी, गजूभाऊचा त्रास कमी झाला का आता? माह्यापेक्षा ह्यायचंच दुखणं जुनं. बसताच येत नाई बिचाऱ्यायले. मी म्हणत होतो, वहिनी गरम पाणी-गिणी करून देत असतीन."

नलूनं माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांचं सगळं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकताना मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. पाण्याला उठणं, संडास, आचलचं भाषण. रडेल वाटलं. रडली नाही. म्हणाली, "हो, करून देते."

मग काका मला म्हणाले, "मोनाली म्हणते त्या सर्दीच्या गोळीनं झालं. मी तिले सांगितलं, गजूभाऊले माहीत नसन. माहीत असतं तर दिली असती का त्यायनं?" आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मोनाली पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होती. नलू खुर्चीत.

तीन वाक्यं पाठ होती.

मी म्हटलं, "नव्हतं माहीत, काका."

माहीत होतं. डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होतं. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला ही गोळी देऊ नये. परीक्षेत आलं होतं, मी बरोबर लिहिलं होतं. काउंटरवर देताना आठवलंही होतं. पण काकांना ग्रंथी वाढल्याचा आजार आहे असं धरलं, तर जानेवारीपासून मी त्यांना जे दिलं ते सगळं चूक होतं. म्हणून मी तसं धरलं नाही.

काका म्हणाले, "पाहा, मी सांगितलं होतं ना." आणि मोनालीला म्हणाले, पाणी दे त्यायले. तिनं दिलं. ग्लास माझ्या हातात न देता खुर्चीवर ठेवला.

परत येताना नलू काय विचारेल याची मी वाट पाहत होतो. दुखणं का लपवलं, परक्या माणसाला सांगितलं आणि मला नाही, असं काहीतरी. त्याची उत्तरं तयार होती. घराशी उतरल्यावर तिनं पदर नीट केला, दार लोटलं, आणि उंबऱ्यातच थांबली.

"उद्या वर्ध्याले जाऊ. तुमच्यासंगं मी येते. डॉक्टरसमोर मी बसन," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, आत आचलला ऐकू जाऊ नये म्हणून, "आन् एक. आजपासून आचलले ताप आला, पडसं झालं, काही झालं, तर मी तिले दवाखान्यात नेईन. तुम्ही तिले कोणतीच गोळी देऊ नका."

मी बरं म्हटलं.